प्रेमगीतातला देश : निकानोर आबेलार्दो आणि फिलिपिन्सचं कुंदिमान

१९०७ साली फिलिपिन्समध्ये आपल्याच देशाचा झेंडा लावणं हा गुन्हा ठरला. कायदा केला होता अमेरिकी राजवटीने. १८९८ मध्ये स्पेनने ही बेटं दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली, तेव्हा फिलिपिनो क्रांतिकारकांनी स्वातंत्र्य आधीच जाहीर करून टाकलेलं होतं. मग त्यांचं नव्या मालकाशी युद्ध झालं, त्यात ते हरले, आणि हरलेल्यांचा झेंडा, त्यांची चिन्हं, त्यांचं राष्ट्रगीत सगळंच बेकायदा झालं. ही बंदी उठायला १९१९ साल उजाडावं लागलं.

बंदी आली तेव्हा निकानोर आबेलार्दो १४ वर्षांचा होता आणि उठली तेव्हा २६ वर्षांचा. माणूस घडतो ती सगळी वर्षं त्याने अशा देशात काढली, जिथे देशाबद्दल उघडपणे गाणं अंगाशी येऊ शकत होतं. आज फिलिपिन्सच्या राष्ट्रवादी संगीतकारांमध्ये त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. पण त्याची गाजलेली गाणी काढून बघा. त्यांत झेंडा नाही, लढाई नाही, गुलामीचा उल्लेख नाही. प्रियकर झुरतोय, प्रेयसी सापडत नाही, नदीवर चांदणं पडलंय. प्रेमगीतंच सगळी, आणि बहुतेक रडवेली.

मग या गाण्यांत देश कुठून आला? उत्तर थोडं शब्दांच्या मागे आहे, थोडं ऐकणाऱ्यांच्या डोक्यात, आणि बरंचसं सुरांत. आबेलार्दो समजायचा तर आधी कुंदिमान समजून घ्यावं लागतं.

कुंदिमान हा ताग्यालोग भाषेतला गीतप्रकार. मनिला आणि तिच्या आजूबाजूच्या प्रांतांची ती भाषा. तरुणाने रात्री गिटार घेऊन मुलीच्या खिडकीखाली जायचं आणि गाणं म्हणायचं, अशी तिथे जुनी रीत होती. तिला हाराना म्हणत. कुंदिमान त्या वातावरणातलं. लय संथ, ठेका तीन-तीन मात्रांचा. दादऱ्याचं वजन ओळखीचं असलेल्या कानाला तो परका वाटणार नाही, फक्त इथे उडी कमी आणि उसासा जास्त. गाणारा स्वतःला अगदी खाली घालतो: मी दीन, मी दुःखी, तू नाही म्हणालीस तर मी मेलोच.

त्याची खरी गंमत सुरांच्या एका पालटात आहे. पाश्चात्त्य संगीतातलं मायनर स्केल म्हणजे ढोबळमानाने आपल्या आसावरी थाटाचे स्वर. गंधार, धैवत, निषाद कोमल. प्रत्यक्षात निषाद पुष्कळदा शुद्ध घेतला जातो, तेव्हा ते किरवाणीच्या वळणाने जातं. मेजर स्केल म्हणजे बिलावल, सगळे स्वर शुद्ध. कुंदिमान मायनरमध्ये सुरू होतं आणि पुढे मेजरमध्ये शिरतं. पुष्कळदा षड्ज जागचा हलत नाही, तो तसाच राहतो आणि कोमल स्वरांच्या जागी शुद्ध स्वर येऊन बसतात. घरी पेटी असेल तर एकच षड्ज धरून आधी सा रे कोमल ग, मग सा रे शुद्ध ग असं वाजवून बघा, काय बदललं ते लगेच कळेल.

आपल्या कानाला दोन गंधारांचं नवल नाही. जोग ऐकणारा माणूस दोन्ही गंधार एकाच तानेत पचवतो. पण आपल्याकडे सूर एकेरी चालतो आणि खाली तानपुरा स्थिर असतो. पाश्चात्त्य पद्धतीत सुरांखाली कॉर्ड असतात, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर. सा-ग-प एकत्र वाजले की मधला गंधार त्या सगळ्या गर्दीचा रंग ठरवतो. तो कोमलाचा शुद्ध झाला की नुसता सूर बदलत नाही, सुराखालची जमीनच बदलते. अडीच मिनिटं अंधारात बसल्यावर कुणी खिडकी उघडावी, तसा परिणाम होतो. दुःखाचं गाणं दुःखातच संपत नाही, शेवटी कसली तरी आशा किंवा निर्धार ऐकू येतो. शब्द तोवर रडतच असले तरी.

हा पालट राजकीय कसा झाला? त्यासाठी त्या काळच्या मनिलातल्या नाटकवेड्या प्रेक्षकाकडे बघावं लागेल. १९०१ मध्ये अमेरिकी राजवटीने राजद्रोहाचा कायदा आणला. बंड धुमसत असेपर्यंत स्वातंत्र्याची मागणी शांततेच्या मार्गानेसुद्धा करायची नाही, इतका तो कडक होता. लेखकांनी मग जुनीच युक्ती काढली. १९०२ मध्ये हुआन आबादचं 'तानिकालांग गिंतो', म्हणजे सोन्याची साखळी, हे नाटक आलं. वरवर प्रेमकथा. लिवानाग, म्हणजे प्रकाश, नावाची मुलगी, तिचा प्रियकर, आणि दोघांच्या मध्ये येणारा तिचा मामा माइंबोत. त्याच्या नावाचा अर्थ हावरट. तो तिला सोन्याची साखळी भेट देतो. ही साखळी कुणी कुणाला घातली आहे, हे थेटरात बसलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही ते कळलं आणि आबादला अटक झाली. पुढच्या वर्षी ऑरेलियो तोलेंतिनोचं 'काहापोन, न्गायोन आत बुकास' म्हणजे 'काल, आज आणि उद्या' रंगभूमीवर आलं. त्यात तर एका पात्राचं नावच मातृभूमी होतं. प्रयोगात अमेरिकी झेंड्याचा अपमान झाला म्हणून गदारोळ उठला आणि लेखक तुरुंगात गेला.

या सगळ्याने प्रेक्षक तयार झाला. रंगमंचावर किंवा गाण्यात 'हरवलेली प्रेयसी' आली की ती खरी कोण, हे मनातल्या मनात ठरवायची त्याला सवय लागली. कुंदिमानच्या बाबतीत तर ही सवय आणखी जुनी होती. 'होसेलिनांग बालिवाग' हे बुलाकान प्रांतातल्या बालिवाग गावच्या एका सुंदर मुलीची आळवणी करणारं गाणं. १८९६ च्या स्पेनविरोधी क्रांतीत ते लढवय्यांमध्ये इतकं पसरलं, की त्याला क्रांतीचं कुंदिमान हेच नाव पडलं. गाण्यात क्रांतीचा शब्दही नाही. आणि नसल्यामुळेच ते कुठेही म्हणता येत होतं.

आबेलार्दो याच बुलाकानचा. ७ फेब्रुवारी १८९३ रोजी सान मिगेल दे मायुमो या गावात त्याचा जन्म झाला. घरात संगीत होतं, वडिलांनी लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवलं. बांदुरिया नावाचं तारवाद्य आणि गिटार हातात आलं. आठव्या वर्षी त्याने एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्याचं युरोपी नृत्यसंगीत, लिहिला असं सांगतात. मग मनिलाला चित्रकार काकांकडे राहायला गेला, तिथे पियानो बराचसा स्वतःच्या स्वतः शिकला, आणि मिसरूड फुटायच्या वयात दारूच्या बारमध्ये आणि कॅबरेंमध्ये पैशासाठी वाजवू लागला. पुढे मूकपटांना पियानोची साथही केली. पडद्यावर नायिका रडली की इकडे मायनर, नायक घोड्यावरून आला की मेजर. भावनेचा रंग क्षणात बदलायचं त्याचं पहिलं शिक्षण अशा ठिकाणी झालं असावं, असं मला नेहमी वाटतं. चरित्रकार कॅबरेचा भाग जरा ओशाळून सांगतात, पण ओशाळण्यासारखं त्यात काही नाही.

१९१६ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठात संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि आबेलार्दो तिथे दाखल झाला. प्रमुख अमेरिकी, शिकवणारे गाय फ्रेझर हॅरिसन आणि रॉबर्ट स्कोफील्डसारखे अमेरिकी. अभ्यास युरोपचा: हार्मनी, काउंटरपॉइंट, सोनाटा. शिकत असतानाच त्याने विद्यापीठगीताची चाल केली. आज ते 'यू.पी. नामिंग माहाल' म्हणून गायलं जातं आणि शेवटच्या ओळींना विद्यार्थी मूठ वळून हात उंचावतात. अमेरिकेने काढलेल्या विद्यापीठाचं गीत पुढे फिलिपिन्समधल्या सगळ्यात आंदोलनखोर विद्यार्थ्यांचं गीत झालं. चाल लिहिताना हे त्याच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं. १९२१ मध्ये त्याने प्रमाणपत्र मिळवलं आणि लवकरच तो तिथेच रचना विभागाचा प्रमुख झाला.

त्याच्या आधी फ्रान्सिस्को सांतियागोने एक दार उघडून ठेवलं होतं. सांतियागोही बुलाकानचाच, आबेलार्दोपेक्षा चार वर्षांनी मोठा. १९१७ मध्ये त्याने 'आनाक दालिता' हे कुंदिमान लिहिलं, आणि लिहिलं म्हणजे खरोखर कागदावर लिहिलं. गळ्यासाठी स्वरलिपी, पियानोसाठी वेगळी पूर्ण स्वरलिपी. खिडकीखालचं गाणं मैफलीच्या दालनात आलं ते इथे.

कागदावर लिहिण्याने एवढं काय बिघडतं किंवा सुधारतं? आपल्याला हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे, कारण आपली मोठी परंपरा कागदाशिवाय उभी आहे. पण ज्या जगात ऑस्ट्रियाच्या शूबर्ट या संगीतकाराची गाणी प्रतिष्ठेची मानली जात होती, तिथे गाण्याचा दर्जा साथीवरून ठरायचा. गिटारची साथ गळ्याच्या मागे मागे जाते. शूबर्टच्या गाण्यात पियानो स्वतंत्र पात्र असतो. गायक सांगत नाही ते तो सांगतो, कधी गायकाला विरोध करतो, गायक थांबल्यावर एकटा बोलत राहतो. सांतियागो आणि आबेलार्दोने कुंदिमानला हा पियानो दिला. आणि त्याबरोबर ताग्यालोग भाषेला अशा जागी नेऊन बसवलं, जिथे तोवर इटालियन आणि स्पॅनिश चालत होतं. त्या काळी मनिलात शिकलेल्या घरांत स्पॅनिश बोलणं हे खानदानीपण होतं आणि शाळांत इंग्रजी शिरली होती. ताग्यालोग ही बाजाराची आणि स्वयंपाकघराची भाषा मानली जाई. तिच्यातल्या गाण्यासाठी उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो गायिकेने मैफलीचा पोशाख घालून उभं राहावं, ही गोष्ट कुठल्याही झेंड्याइतकीच ठळक होती. खोविता फुएंतेस ही गायिका १९२५ मध्ये इटलीत पिआचेंझाच्या ऑपेरात 'मादामा बटरफ्लाय'ची भूमिका गात होती, आणि तीच फुएंतेस कुंदिमानही तितक्याच तालेवारपणे गायची.

आबेलार्दोची मोठी गाणी बघता बघता तीन-चार वर्षांत आली. १९२३ मध्ये 'नासाआन का इरोग', म्हणजे 'कुठे आहेस तू, लाडके'. १९२४ मध्ये 'कुंदिमान नांग लुहा', अश्रूंचं कुंदिमान, शब्द कवी होसे कोराझोन दे हेसुस यांचे. १९२६ मध्ये एका सार्सुएलासाठी 'बितुइंग मारिकित'. सार्सुएला म्हणजे स्पेनकडून आलेला आणि फिलिपिनोंनी पुरता आपलासा केलेला गाण्यांच्या नाटकांचा प्रकार. आणि त्याच वर्षी 'मुत्या नांग पासिग'.

या शेवटच्या गाण्यावर थोडं थांबू, कारण सगळा मुद्दा त्यात एकवटला आहे. पासिग ही मनिलाच्या मधून वाहणारी नदी, मुत्या म्हणजे रत्न, लाडकी, एका अर्थाने नदीची देवताच. शब्द देओग्रासियास रोसारियो या कथाकाराचे. पौर्णिमेच्या रात्री नदीच्या फेसातून एक स्त्री वर येते, केस मोकळे सुटलेले. ती सांगते, की एके काळी मी प्रेमाच्या राज्याची राणी होते. प्रेम मेलं आणि राज्यही नाहीसं झालं. माझं सामर्थ्य मात्र मेलं नाही, ते तुम्हा सगळ्यांच्या हृदयांत गेलं आहे. मी जगावी असं वाटत असेल, तर माझं प्रेम मला परत द्या.

राज्य गेलेली राणी, सामर्थ्य प्रजेच्या छातीत. १९२६ च्या मनिलात बसून हे ऐकणाऱ्याला ती राणी कोण हे विचारायची गरज नव्हती. आणि पोलिसांना आक्षेप घ्यायला एक शब्द नव्हता. नदीची परीकथाच तर आहे.

आता आबेलार्दोने काय केलं ते बघा. गाण्याचे त्याने दोन भाग केले. पहिला कुमिंतांगच्या वळणाचा. कुमिंतांग हा मनिलाच्या दक्षिणेच्या बातांगास प्रांताकडचा, कुंदिमानच्या आधीचा गीतप्रकार. हा भाग मायनरमध्ये आहे आणि यात निवेदक बोलतो: रात्र, चंद्र, नदी, ती वर आली. दुसऱ्या भागात ती स्वतः बोलू लागते, आणि तिथे संगीत कुंदिमान होतं आणि मेजरमध्ये जातं. म्हणजे सुरांचा पालट इथे गोष्टीशी जोडलेला आहे. तिच्याबद्दल दुसरा कुणी सांगत असतो तोवर अंधार, तिने तोंड उघडलं की उजेड. जुनं रूप आधी आणि नवं रूप नंतर, हा क्रमही विचार करून ठेवलेला दिसतो. अमेरिकी प्राध्यापकांनी शिकवलेलं सगळं कसब त्याने इथे वापरलं आहे, आणि ते अशा कामाला, ज्याचा त्या प्राध्यापकांच्या अभ्यासक्रमात कुठे उल्लेख नव्हता.

इथे कुणी म्हणेल, आणि फिलिपिन्समध्ये म्हटलंही गेलं आहे, की हे तर सगळं पाश्चात्त्य संगीत. मेजर-मायनर युरोपचं, पियानो युरोपचा, वॉल्ट्झचा ठेका युरोपचा, गायकी इटालियन ऑपेराची. यात फिलिपिनो काय?

गोव्याच्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मांडोची चाल ऐकली तर पोर्तुगीज घरांची आठवण येते, पण कोंकणी शब्द, घुमटाचा ठोका आणि गाणाऱ्यांचं मन गोव्याचं. मांडो गोव्याचा नाही असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. दोन्हीकडे कारणही एकच आहे. इबेरियन सत्तेने चर्चबरोबर संगीतशाळा आणली, गावोगाव स्वरलिपी वाचणारे वादक तयार झाले. गोव्याच्या वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. फिलिपिनो वादक आशियाभरच्या हॉटेलांत आणि जहाजांवर पोचले. वॉल्टर लव्हिंग या कृष्णवर्णीय अमेरिकी अधिकाऱ्याने बांधलेला फिलिपिन्सचा पोलिस बँड १९०४ मध्ये सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात वाजला, आणि १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात. १५६५ पासून १८९८ पर्यंत, तीनशेहून जास्त वर्षं एखादी गोष्ट घरात राहिली, की तिला पाहुणी म्हणत नाहीत. शुद्ध देशी संगीताचा शोध घ्यायला निघालो तर बुलाकानच्या गावात काहीच हाती लागणार नाही, कारण तिथला शेतकरीसुद्धा गिटारवर गात होता.

पण विरुद्ध बाजू पोकळ नाही. होसे मासेदा याने ती सगळ्यात गंभीरपणे मांडली. जन्म १९१७, पॅरिसमध्ये आल्फ्रेड कोर्तोसारख्या नामांकित पियानोवादकाकडे शिकलेला हा माणूस पुढे पियानोपासून दूर गेला आणि फिलिपिन्सच्या डोंगरांत आणि दक्षिणेच्या बेटांवर हिंडून तिथलं गाँगचं, म्हणजे धातूच्या मोठ्या घंटांचं, आणि बांबूच्या वाद्यांचं संगीत ध्वनिमुद्रित करू लागला. जिथे स्पॅनिश पाद्री नीट पोचलेच नाहीत, ते हे प्रदेश. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की नुसती चाल देशी करून भागत नाही. एका कॉर्डवरून दुसरीकडे ओढ लागणं, मग सुटका होणं, हा विचारच युरोपी आहे. आशियातलं संगीत अनेक आवाजांच्या थरांनी, पुनरावृत्तीने आणि काळाच्या वेगळ्या जाणिवेने चालतं. १ जानेवारी १९७४ च्या संध्याकाळी त्याने 'उग्नायान' सादर केलं. वीस ध्वनिफिती, मनिलाची वीस रेडिओ केंद्रं, प्रत्येकावर वेगळा थर. लोकांनी ट्रान्झिस्टर घेऊन चौकांत आणि बागांत जमायचं, म्हणजे ते थर हवेत एकमेकांत मिसळतील. कल्पना थरारक होती. तिला पाठबळ होतं राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या पत्नी इमेल्दा यांचं, आणि देशात तेव्हा लष्करी कायदा लागू होता. वीस केंद्रांनी एकाच वेळी एकाच माणसाचं ऐकणं अशा राजवटीतच इतकं सहज जमतं, ही त्यातली ठसठस.

मासेदाचं म्हणणं मला विचार म्हणून पटतं आणि गाणं म्हणून आबेलार्दो आवडतो. दोघांनी 'आपलं' या शब्दाची हद्द वेगवेगळ्या ठिकाणी आखली. आबेलार्दोला समोरच्या माणसाच्या ओठांवर असलेलं गाणं आपलं वाटलं, मासेदाला त्या माणसाने विसरलेलं.

आणि गंमत म्हणजे आबेलार्दो स्वतः कुंदिमानपाशी थांबला नाही. १९३१ मध्ये तो शिकागो म्युझिकल कॉलेजात गेला आणि वेस्ली लाव्हायोलेट यांच्या हाताखाली शिकला. तिथे त्याच्या कानावर युरोपचं नवं संगीत पडलं, ज्यात षड्जाची सत्ताच ढिली झाली होती. व्हायोलिन सोनाटा आणि १९३२ चं तंतुवाद्यांसाठीचं सिन्फोनिएत्ता, म्हणजे छोटी सिंफनी, या त्या काळातल्या रचना. त्या ऐकल्या तर 'मुत्या नांग पासिग' लिहिणारा हाच का, असा प्रश्न पडतो. स्वर एकमेकांना खेटतात, घर्षण होतं, कुठे टेकायचं ते कळत नाही. चाळिशीला आलेला, आपल्या देशात नाव झालेला, गाण्यांवर आयुष्यभर जगू शकला असता असा संगीतकार पुन्हा विद्यार्थी होऊन सगळं मोडून मांडतो, हे मला त्याच्या चरित्रातलं सगळ्यात धाडसी पाऊल वाटतं. राष्ट्रवादी अशी पाटी लावणाऱ्यांची इथे पंचाईत होते. त्यामुळे बरेच लेख हा भाग दोन ओळींत उरकतात.

पण पाटी काढून टाकायची गरज नाही, तिचा अर्थ नीट लावायला हवा. आबेलार्दो चळवळीचा कार्यकर्ता नव्हता. गाणी त्याने मित्रांसाठी, नाटकासाठी, पैशासाठी लिहिली, तसं लिहिण्यात गैर काहीच नाही. त्यांना राष्ट्राची गाणी केली ती मुख्यतः ऐकणाऱ्यांनी. त्याचं स्वतःचं योगदान असं, की हे ओझं पेलू शकतील इतकी मजबूत गाणी त्याने बांधली.

परतल्यावर त्याच्या हाती फार वेळ नव्हता. घरी तो तरुण संगीतकारांना ठेवून घेऊन शिकवत असे. त्यांतला आंतोनिनो बुएनाव्हेंतुरा पुढे लोकनृत्यांच्या अभ्यासक फ्रान्सिस्का रेयेस यांच्याबरोबर खेडोपाडी फिरून चाली टिपू लागला, आणि या दोघांच्या कामातून आज फिलिपिन्सच्या शाळांत शिकवली जाणारी लोकनृत्यं जमा झाली. आबेलार्दोची तब्येत दारूने आधीच पोखरली होती. पिण्याबद्दल त्याच्या दंतकथाही झाल्या आहेत, पेला हातात असल्याशिवाय सूर सुचत नसे वगैरे. अशा कथांचा मला कंटाळा आहे. ४१ व्या वर्षी माणूस गेला, एवढंच त्यातलं खरं. तारीख होती २१ मार्च १९३४. तीनच दिवसांनी, २४ मार्चला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फिलिपिन्सला दहा वर्षांच्या स्वायत्ततेनंतर स्वातंत्र्य देण्याच्या कायद्यावर सही केली. मधे महायुद्ध येऊन गेलं. १९४५ च्या लढाईत मनिला शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं आणि त्या पिढीच्या संगीतकारांची कितीतरी हस्तलिखितं जळून गेली. स्वातंत्र्य मिळालं ४ जुलै १९४६ रोजी.

१९६९ मध्ये मार्कोस राजवटीने मनिलाच्या उपसागरात भराव घालून भव्य सांस्कृतिक केंद्र बांधलं. त्याच्या मुख्य नाट्यगृहाला पुढे आबेलार्दोचं नाव मिळालं. त्याच राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरलेले लोक जे गाणं गायचे ते 'बायान को', माझा देश. कोन्स्तान्सियो दे गुझमानची चाल, होसे कोराझोन दे हेसुस यांचे १९२० च्या दशकातले ताग्यालोग शब्द, ज्यांत अमेरिकेविरुद्धची तक्रार पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या आडून आली होती. १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो आकिनो यांची हत्या झाल्यावर आणि मार्कोसना घालवणाऱ्या १९८६ च्या उठावात हे गाणं लाखोंच्या तोंडी होतं. गाणं मायनरमध्ये सुरू होतं आणि मेजरमध्ये जातं. त्या रस्त्यावरच्या गर्दीला थाट आणि स्केल ठाऊक असायची गरज नव्हती, पण आवाज कुठे चढवायचा ते प्रत्येकाला माहीत होतं.

पासिग नदीचं मात्र वाईट झालं. १९९० मध्ये पर्यावरणतज्ज्ञांनी ती जैविकदृष्ट्या मृत झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर 'मुत्या नांग पासिग' ऐकणाऱ्या कित्येकांना त्यात नदीच आपला जीव मागताना ऐकू येते. गाण्याने आणखी एक अर्थ घेतला म्हणायचं.

ऐकायचं असेल तर 'नासाआन का इरोग'पासून सुरुवात करावी. इंटरनेटवर ते पुष्कळ जणांचं सापडतं, ऑपेराच्या ढंगाचं आणि गिटारवरचंही. पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा अर्थ शोधू नका, फक्त गंधार कुठे बदलतो ते पकडा. मग 'मुत्या नांग पासिग' घ्या आणि पियानोकडे कान ठेवा, गायिका श्वास घेते तेव्हा तो काय करतो ते. सिन्फोनिएत्ता शेवटी. त्यात कुंदिमान शोधत बसू नका, सापडणार नाही.